कोंबडीच्या धंद्यात पुडी की लस?

पहाटे पाचच्या सुमारास अहमदाबाद महामार्गावरून कोंबड्यांचे टेम्पो वसई फाटा आणि विरार फाट्यावर आत वळतात. नालासोपारा, विरार, नायगाव, पापडी येथील दुकानांपुढे क्रेट उतरतात. काटा लागतो, चिठ्ठी फाटते आणि दुकानदार सर्वांत आधी एक काम करतो. क्रेटमध्ये हात घालून तो मेलेल्या कोंबड्या बाजूला काढतो. या बाजूला काढलेल्या कोंबड्यांचा हिशेब आपल्या धंद्यात फारसा कोणी मांडत नाही. तो मांडावा, एवढ्यासाठी हा लेख.

भाजीवाल्याचा माल थोडा नासला तर तो निम्म्या भावाने निघतो. कापडवाल्याचा तागा डागाळला तर सेलमध्ये जातो. कोंबडीवाल्याला ती सोय नाही. जिवंत असताना जिचा जबिहा झाला नाही ती मुरदार, तिचा एक पैसाही गल्ल्यात येता कामा नये. म्हणजे आपल्या दुकानात मेलेली कोंबडी ही शंभर टक्के तोट्याची बाब आहे. समजा, एका दुकानात रोज शंभर कोंबड्या उतरतात, त्यांतल्या तीन मेलेल्या निघतात, वजन दोन किलो आणि खरेदी किलोला शंभर रुपये. रोजचे सहाशे रुपये गेले. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर पंधरा हजार सहाशे. एका कारागिराचा पगार निघेल एवढी ही रक्कम आहे.

विचारले तर उत्तर ठरलेले असते : "उन्हाने मेल्या", "प्रवासाने दमल्या". त्यात तथ्य आहेच. पण त्याच टेम्पोतल्या, त्याच उन्हातल्या बाकीच्या सत्त्याण्णव कशा तगल्या? आतून आजारी असलेली कोंबडी प्रवासाचा ताण सोसू शकत नाही, हे या धंद्यात केस पिकलेला कोणीही सांगेल. प्रवास हे निमित्त असते. आजार शेडमध्येच लागलेला असतो, आणि पुष्कळदा शेडच्याही आधी, अंड्यातच.

मानमोडी वेगळी, टायफॉईड वेगळा

कोंबड्यांच्या रोगांचे ढोबळ दोन भाग पडतात. मानमोडी, गंबोरो, देवी हे विषाणूंचे रोग. त्यांच्यावर औषध चालत नाही, हे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक झाले आहे. म्हणून लासोटाची लस भाताण्या-कामणच्या पाड्यांवरही नावाने ओळखली जाते. मानमोडीवरची आर-टू-बी ही जिवंत लस आपल्याच देशात, हिमालयातील मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत तयार झाली. त्या प्रयोगशाळेचा आरंभ १८८९ मध्ये पुण्यात झाला होता. पुण्याजवळ औंध येथे राज्य सरकारची पशुवैद्यकीय लसी तयार करणारी संस्था १९४७ पासून आहे. तेव्हा लस ही आपल्या मुलखाला नवी वस्तू नव्हे.

दुसरा भाग जिवाणूंच्या रोगांचा. कोंबड्यांचा कॉलरा, टायफॉईड, पिल्लांची पांढरी हगवण, घुरघुर लावणारा जुनाट श्वसनरोग, म्हणजे ज्याला पोल्ट्रीवाले सीआरडी म्हणतात, आणि ई-कोलाय. यांच्यावर औषध चालते. आणि तिथेच घोटाळा झाला. औषध चालते म्हणून लशीचा विचार कोणी केला नाही. कोंबडी सुस्त दिसली की मेडिकलमधून पुडी आणायची आणि पाण्यात कालवायची. सुस्त दिसली नाही तरी "प्रतिबंध म्हणून" कालवायची. ही सवय आज नफ्याच्या मुळावर आली आहे.

आपल्या दुकानातले कटिंग करणारे कारागीर शिकलेले डॉक्टर नसतील, पण या रोगांच्या खुणा ते रोज पाहतात. कलेजी सुजलेली आणि तांब्या-पितळेसारखी झाक मारणारी निघाली तर टायफॉईडचा संशय घ्यावा. काळीज आणि कलेजीवर दुधाच्या सायीसारखा पांढरा-पिवळट पडदा असेल तर बहुधा ई-कोलाय. छातीच्या पोकळीतील हवेच्या पातळ पिशव्या फेसाळ, गढूळ दिसल्या तर श्वसनाचा रोग. खात्री प्रयोगशाळाच करील, पण संशय घेण्यास एवढे पुरे. एका दिवसात शंभर कोंबड्या उघडून पाहणाऱ्या कारागिराइतका अनुभव किती पदवीधरांकडे असेल? दुर्दैव असे की कारागीर ती कोंबडी टाकून देतो आणि गप्प बसतो. ज्या शेडमधून ती आली तिथपर्यंत ही बातमी कधी पोहोचतच नाही.

दंडावरचा व्रण

जिवंत लस म्हणजे काय? आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर लहानसा व्रण असतो. तो बीसीजीचा, क्षयावरच्या लशीचा. बीसीजी ही जिवाणूची जिवंत लस आहे. कामेत आणि गेरँ या दोन फ्रेंच संशोधकांनी गुरांच्या क्षयाचा जंतू तेरा वर्षे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवला. होता होता त्याची रोग करण्याची ताकद गेली, पण शरीराला ओळख करून देण्याची ताकद राहिली. १९२१ मध्ये ती माणसाला प्रथम दिली गेली. दात काढलेला साप समजा. चावत नाही, पण शरीर त्याला पाहून खऱ्या सापाशी लढायला शिकते.

प्रयोगशाळेत अशी कमजोर केलेली पहिली लस माणसासाठी नव्हे, कोंबडीसाठी तयार झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १८७९-८० मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करीत होते. जंतूंचे ताजे मिश्रण टोचले की कोंबडी मरे. पण बरेच दिवस पडून शिळे झालेले मिश्रण टोचले तेव्हा कोंबड्या थोड्या आजारी पडून सावरल्या. पुढे त्यांना ताजे, जहाल मिश्रण टोचले तरी त्या तगल्या. लसीकरणाच्या साऱ्या शास्त्राला या खुराड्यातून वाट मिळाली. पाश्चर यांची ती लस मात्र बेभरवशाची होती. कधी जास्त जहाल निघे, कधी अगदीच निष्प्रभ. त्यानंतर भरवशाचे, एकसारखे कमजोर जंतू मिळवण्यात अनेक दशके गेली.

कोंबड्यांच्या टायफॉईडवर '९ आर' नावाचा कमजोर जंतू ब्रिटनमध्ये विल्यम्स स्मिथ यांनी पुढे आणला. त्यांचे संशोधन १९५६ चे. या जंतूच्या अंगावरचे साखरेच्या साखळ्यांचे संरक्षक आवरण अपुरे असते, त्यामुळे तो कोंबडीच्या शरीरात फार काळ तग धरत नाही. टायफॉईडचा जंतू रक्तातच फिरत नाही, तो पेशींच्या आत दडून बसतो. मेलेल्या जंतूंच्या लशीने रक्तात प्रतिकार तयार होतो, पण आत दडलेल्या शत्रूवर तो कमी पडतो. जिवंत लस स्वतः पेशींपर्यंत जाते, म्हणून तिथलीही पहारेदारी जागी होते. जिवंत लशीचा खरा फायदा हा आहे.

श्वसनरोगाच्या मायकोप्लाझ्मा जंतूवर अशा जिवंत लसी तीन-चार प्रकारच्या आहेत. ऑस्ट्रेलियात तयार झालेली टीएस-११ ही त्यांतली एक. तिचा जंतू थंड जागी वाढतो आणि कोंबडीच्या अंगातल्या उष्णतेत वाढू शकत नाही. त्यामुळे तो नाक-घशाच्या थंड भागापुरताच राहतो, आत फुप्फुसाकडे उतरत नाही. मात्र सगळ्या लसी सारख्या नसतात. याच रोगावरचा 'एफ' प्रकार कोंबडीला सौम्य असला तरी टर्कीला घातक ठरतो. हौसेने कोंबड्यांसोबत टर्की पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. ई-कोलायवरही एक जनुक काढून कमजोर केलेली जिवंत लस निघाली आहे. म्हणजे पुडीला पर्याय आहे.

पुडी लशीला मारते

आता मुख्य मुद्दा. लासोटा देताना काही जण त्याच दिवशी पाण्यात अँटिबायोटिकची पुडीही टाकतात. लासोटात विषाणू असतो आणि अँटिबायोटिक विषाणूला मारत नाही, त्यामुळे लस वाया जात नाही. या अनुभवावरून हात तयार झाला. तीच सवय जिवाणूंच्या जिवंत लशीला लावली की सारे पैसे पाण्यात जातात. लशीतला जिवाणू कमजोर असला तरी जिवाणूच आहे. पुडी रोगाच्या जंतूला मारो न मारो, लशीच्या जंतूला नक्की मारते. मग मालक म्हणतो, "लस दिली तरी मर झाली, लसच बोगस." बाटलीत दोष नव्हता, बादलीत होता.

लस देण्याच्या काही दिवस आधी आणि काही दिवस नंतर पाण्यातून वा खाद्यातून अँटिबायोटिक बंद ठेवावे लागते. किती दिवस, ते लशीच्या माहितीपत्रकावर लिहिलेले असते. तयार खाद्याच्या पोत्यात औषध मिसळलेले आहे का, हेही विचारून घ्यावे लागते. म्हणून आम्ही म्हणतो की जिवंत लस ही नुसती बाटली नाही. ती धंद्याची शिस्त बदलायला लावते. एक हात पुडीवर आणि एक हात लशीवर, असे चालत नाही.

पुडीचा आधार तसाही दिवसेंदिवस लटका होत आहे. वारंवार औषध दिल्याने जंतू सरावतात. पहिल्या वर्षी एका पुडीने होणारे काम पुढे तीन पुड्यांनी होत नाही. औषधाने बरी झालेली कोंबडीही जंतू बाळगून राहते आणि टायफॉईड, पांढरी हगवण, मायकोप्लाझ्मा हे रोग अंड्यातून पिल्लांत उतरतात. त्याहून गंभीर बाब माणसांची आहे. कोलिस्टिन हे औषध इस्पितळात अत्यवस्थ रुग्णासाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात. तेच आपल्या देशात कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास वापरले जात होते. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली. जी कोंबडी आपण विकतो ती आपल्याही घरी शिजते. औषधाला न जुमानणारे जंतू गिऱ्हाईक आणि दुकानदार असा भेद करीत नाहीत. कच्चे मांस हाताळणारे आपले कारागीर तर त्यांच्या सर्वांत जवळ उभे असतात.

लस कोणाला हवी, कोणाला नको

प्रत्येक कोंबडीला लस टोचा, असे कोणी सांगत असेल तर तो माल खपवतो आहे असे समजावे. ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आत दुकानात येतो. टायफॉईड-कॉलऱ्याची लस टोचून तिचा असर यायला जो वेळ लागतो, तो पाहता या पक्ष्याला तिचा फारसा उपयोग नाही. शिवाय लस दिल्यावर ठराविक दिवस पक्षी कापायचा नसतो. ती मुदतही लेबलवर असते आणि ती पाळणे बंधनकारक समजावे. ब्रॉयलरचे रक्षण त्याच्या आईबापांपासून सुरू होते. हॅचरीचे मूळ पक्षी रोगमुक्त असतील तर पिल्लू निरोगी येते. म्हणून ब्रॉयलर पाळणाऱ्याने पिल्ले घेताना, "मूळ पक्ष्यांची साल्मोनेला आणि मायकोप्लाझ्माची रक्ततपासणी झाली आहे का?" हा एक प्रश्न जरूर विचारावा. भाव तर सगळेच विचारतात.

लशीचा खरा उपयोग दीर्घ काळ जगणाऱ्या पक्ष्यांना. अंड्यांची लेअर कोंबडी वर्ष-दीड वर्ष राहते. हॅचरीचे मूळ पक्षी राहतात. आणि आपल्या भागात विशेष करून गावठी कोंबडी राहते. वसईच्या पूर्वेला कामण, भाताणे, शिरसाड, उसगाव या पट्ट्यात आणि पुढे वाड्यापर्यंत कितीतरी घरांत वीस-पन्नास गावठी कोंबड्या असतात. बरीचशी घरे आदिवासींची. तिथल्या बाईच्या हातात रोख पैसा येतो तो याच कोंबड्यांतून. गावठीला शहरात ब्रॉयलरपेक्षा चांगला भाव आहे आणि तो माल आणणारे, विकणारे पुष्कळसे आपले बांधव आहेत. पण एक दिवस कॉलरा किंवा टायफॉईड शिरतो. मोठे, वजनदार, विकायला आलेले पक्षीच आधी जातात आणि आठवड्यात खुराडे रिकामे होते. त्या घराचे नुकसान तर होतेच, व्यापाऱ्याची आगाऊ दिलेली उचलही बुडते.

अशा ठिकाणी आधी रोग कोणता, याची खात्री करून घ्यावी. ताजी मेलेली कोंबडी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावी. परळला १८८६ पासून मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. मानमोडी असताना टायफॉईडची लस देऊन काय उपयोग? २००६ मध्ये नवापूरला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूरपाठोपाठ आपल्या वसई-विरार भागात कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला. तो विषाणूचा रोग, त्याचे नियम वेगळे. तेव्हा अंदाजाने लस नको आणि अंदाजाने पुडीही नको.

लशीचेही धोके आहेत

लशीची नुसती तारीफ करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. '९ आर' लस कोंबड्यांचे मरण कमी करते, पण जंतू शिरूच देत नाही असे नव्हे. घाणेरडी शेड, उंदीर, ओले तूस तसेच ठेवून लशीवर भार टाकला तर ती हरते. दुसरे, जिवंत जंतू क्वचित पुन्हा जहाल होऊ शकतो. दक्षिण कोरिया आणि बेल्जियममध्ये या लशीच्या जंतूशी जुळणारे जंतू आजारी कळपांत सापडल्याच्या नोंदी आहेत. म्हणून जिथे रोग नाही, तिथे हौसेने जिवंत लस नेऊ नये. आजारी, अशक्त पक्ष्यांना ती देऊ नये. तिसरे, लस दिलेल्या पक्ष्यांच्या रक्ततपासणीत निकालाचा गोंधळ होऊ शकतो. ज्या कळपाची तपासणी करून रोगी पक्षी काढायचे आहेत तिथे पशुवैद्याला आधी विचारावे.

बाटली विकत घेताना परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत पाहावी. पक्के बिल घ्यावे. "बाहेरून आलेली, स्वस्तात" म्हणून कोणी लेबल नसलेली बाटली देऊ लागला तर हात जोडून परत करावी. खोट्या औषधाने फार तर गुण येत नाही. खोट्या जिवंत लशीने रोगच घरी येऊ शकतो.

आणि लस जिवंत आहे हे विसरू नये. बहुतेक लसी दोन ते आठ अंशांत ठेवाव्या लागतात, काही याहून कितीतरी थंड. मे महिन्याच्या दुपारी शर्टाच्या खिशात घालून विरार लोकलने आणलेली लस खुराड्यापर्यंत पोहोचेतो मेलेली असते. थर्मासमध्ये बर्फ घालूनच आणावी. काही लसी टोचायच्या असतात, काही डोळ्यात थेंबाने, काही पाण्यातून. आपल्या मनाने पद्धत बदलू नये. पाण्यातून द्यायची असेल तर नळाचे पाणी थेट वापरू नये. महानगरपालिकेचे सूर्या-पेल्हार-उसगावचे पाणी क्लोरिन घालून येते. ते माणसाला चांगले, लशीला विष. विहिरीचे गोडे, स्वच्छ पाणी घ्यावे. किनाऱ्याकडच्या खाऱ्या विहिरी टाळाव्यात. पाण्यात लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम साय काढलेली दूध पावडर आधी विरघळवली तर राहिलेल्या क्लोरिनचा जोर मोडतो. भांडी साबण-फिनेलशिवाय धुतलेली असावीत. पक्ष्यांना तास-दोन तास तहानलेले ठेवावे, म्हणजे लशीचे पाणी दोन तासांत संपेल. काम सकाळच्या गारव्यात करावे. रिकामी बाटली उकिरड्यावर फेकू नये, उकळून मग पुरावी. हात साबणाने धुवावेत.

व्यापाऱ्यांनी काय करावे

इथे कोणी म्हणेल, "हे सारे पाळणाऱ्याचे काम, आम्ही दुकानदार काय करणार?" उत्तरासाठी एक उदाहरण देतो. डिसेंबर १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये आरोग्य खात्याच्या राज्यमंत्री एडविना करी यांनी तिथल्या अंड्यांत साल्मोनेला असल्याचे विधान केले. अंड्यांचा खप कोसळला, कळपच्या कळप मारावे लागले आणि बाईंनाही राजीनामा द्यावा लागला. मग अंडी-व्यवसायाच्या संघटनेने १९९८ मध्ये सिंहाचे चिन्ह नव्याने आणले. ज्या कोंबड्यांना साल्मोनेलाची लस दिली आहे, त्यांच्याच अंड्यांवर हा शिक्का. तिथे आरंभी मेलेल्या जंतूंची लस होती, पुढे जिवंत लसीही वापरात आल्या. माणसांतला तो आजार झपाट्याने खाली आला. २०१७ मध्ये तिथल्या अन्न खात्याने सिंहाचा शिक्का असलेली अंडी गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी अर्धकच्ची खाल्ली तरी चालतील, असे जाहीर केले. ही अट सरकारने घातली नव्हती. धंद्याने स्वतःला घालून घेतली, आणि गेलेले गिऱ्हाईक परत आणले.

आपल्याकडे एवढा मोठा शिक्का आज उद्या येणार नाही. पण चार गोष्टी उद्यापासून होऊ शकतात.

पहिली, कागदाची. लेअर किंवा गावठी माल घेताना, कोणती लस कधी दिली आणि शेवटचे औषध कधी दिले, हे एका साध्या कार्डावर लिहून मागावे. ज्याच्याकडे कार्ड आहे त्याला किलोमागे रुपया-दोन रुपये जास्त द्यावेत. मरतुकीत वाचणारा पैसा पाहता हा सौदा महाग नाही. उचल देतानाच ही अट घातली तर पाळणाराही ऐकतो.

दुसरी, बाटलीची. लशीची बाटली पुष्कळदा हजार मात्रांची येते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. वीस कोंबड्या पाळणाऱ्या बाईने ती घ्यायची कशी? इथेच व्यापाऱ्याचे काम आहे. ज्या पाड्यांवरून आपण माल उचलतो, त्या वीस-पंचवीस घरांचा एक दिवस ठरवावा, जिल्हा परिषदेच्या दवाखान्यातील पशुवैद्याला बोलवावे आणि एका बाटलीत सर्वांचे काम करावे. खर्च मालाच्या हिशेबातून थोडा थोडा वळता करावा. एकट्या घराला जे परवडत नाही ते पाड्याला परवडते.

तिसरी, क्रेटची. आपला रिकामा क्रेट दुकानातून पुन्हा शेडवर जातो. चार शेडचे जंतू घेऊन जातो आणि चार शेडना वाटतो. विष्ठा खरवडून, धुऊन, जंतुनाशक मारून आणि उन्हात वाळवूनच क्रेट टेम्पोत चढवावा. पिंजरे बनवणाऱ्या कारागिरांनीही कोपरे सहज धुता येतील अशी जाळी बांधावी. तशा पिंजऱ्याला मागणी येईल.

चौथी, बातमीची. कटिंग करणाऱ्या कारागिराने खराब कलेजी पाहिली तर ती टाकून द्यावी, पण तारीख, किती पक्षी आणि कोणाचा माल, एवढे वहीत टिपावे. मोबाईलवर फोटो काढून शेडवाल्याला आणि त्याच्या डॉक्टरला पाठवावा. भांडणासाठी नव्हे. पुढच्या खेपेला तोच रोग येऊ नये म्हणून. पुडी घालायची की लस द्यायची, याचा निर्णय त्या वहीवरून होऊ शकतो.

पुडीची सवय एका दिवसात सुटणार नाही. ती स्वस्त आहे, हाताशी आहे आणि काहीतरी केल्याचे समाधान देते. लशीला आधी विचार करावा लागतो, थर्मास लागतो, कार्ड लागते, चार घरांनी एकत्र यावे लागते. पण उद्या पहाटे क्रेटमध्ये हात घालाल तेव्हा बाजूला काढलेल्या कोंबड्या फेकण्याआधी एकदा मोजा आणि वहीत लिहा. महिनाअखेरीस ती बेरीज समोर ठेवून शेडवाल्याशी बोला. तोट्याचा आकडा दोघांनी मिळून पाहिला, तर लशीचा खर्च कोणी किती सोसायचा हे ठरवायला वेळ लागणार नाही.